उरलेले भ्रूण स्टेम सेल संशोधनाला द्यावेत का? शरीयत काय म्हणते आणि प्रयोगशाळेत काय घडतं

अस्सलामु अलैकुम ताई,

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आयव्हीएफमधून, म्हणजे प्रयोगशाळेत बीज फलित करून, तुम्हाला मुलगा झाला, तो आता दोन वर्षांचा आहे, अल्हम्दुलिल्लाह. त्या वेळचे पाच भ्रूण अजून गोठवून ठेवलेले आहेत. आता दवाखान्याने फॉर्म पाठवला आहे: वर्षाचे पैसे भरून ठेवा, नष्ट करायला संमती द्या, नाहीतर स्टेम सेल (इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) संशोधनाला द्या. चुलतसासरे म्हणतात की संशोधनाला देणं म्हणजे स्वतःची पाच लेकरं कापायला देणं. तुमच्या मिस्टरांना वाटतं की वाया घालवण्यापेक्षा कुणाच्या कामी आले तर सवाबच (पुण्यच) आहे. मौलानांनी "नाजायज" एवढाच शब्द उच्चारला आणि विषय संपवला. तुम्हाला मात्र रात्री झोप लागत नाही.

आधी माझ्याबद्दल. मी आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली) नाही, मुफ्ती (फतवा देणारी) तर नाहीच. बावीस वर्षं भ्रूणशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आहे आणि काही वर्षं एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवरही बसले. माहेर रत्नागिरीकडचं, म्हणजे आपण कोकणातले बहुतेक मुसलमान असतो तशी शाफई, सुन्नींच्या चार मजहबांपैकी (धर्मकायद्याच्या शाखांपैकी) एकीची. या कामामुळे वेगवेगळ्या उलेमांसमोर (धर्मपंडितांसमोर) हाच प्रश्न घेऊन अनेकदा बसले आहे. त्यामुळे फतवा देणार नाही. हा मसअला (धर्मकायद्याचा प्रश्न) नीट कसा उलगडायचा, तेवढं सांगते.

तुम्ही विचारलंय, "स्टेम सेल हलाल की हराम?" असा प्रश्न विचारला की उत्तर हमखास चुकतं. स्टेम सेल अस्थिमज्जेत असतात, नाळेच्या रक्तात असतात, मोठ्या माणसाच्या शरीरातही असतात. ल्युकेमियाच्या रुग्णाला भावाची अस्थिमज्जा देतात तेव्हा दिल्या जातात त्या स्टेम सेलच, आणि त्याला कुणी गुनाह म्हणत नाही. वाद आहे तो भ्रूणातून काढलेल्या पेशींचा. तिथेही उलेमा चार गोष्टी विचारतात: भ्रूण कुठून आला, किती दिवसांचा आहे, आत्ता कुठे आहे, आणि तुम्ही तो कशासाठी देताय. तुमच्या मौलानांना या चारपैकी किती गोष्टी सांगितल्या होत्या, ते जरा आठवून बघा.

तुमच्या त्या पाच नळ्यांत काय आहे ते आधी सांगते, कारण चुलतसासऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा हातपाय असलेलं बाळ आहे. साधारणपणे आम्ही पाचव्या किंवा सहाव्या दिवसाचा भ्रूण गोठवतो. त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. मिठाच्या बारीक कणाहूनही लहान, शे-दीडशे पेशींचा पोकळ गोळा. बाहेरच्या थरातून पुढे वार तयार होते. आत एका बाजूला पेशींचा छोटा पुंजका असतो, बाळ त्यातून घडतं. हृदय नाही, मज्जातंतू नाही, रक्त नाही. असा भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सियसला थांबवलेला असतो. भ्रूणाच्या स्टेम सेल काढायच्या म्हणजे तो आतला पुंजका वेगळा करून वाढवायचा, आणि त्यात भ्रूण संपतो. ही गोष्ट गोड शब्दांत झाकू नये. काकांचा आक्षेप पोकळ नाही.

एकदा एका वयस्क मुफ्तीसाहेबांना मी प्रयोगशाळेत बोलावलं होतं. पायात निळे बूट-कव्हर, डोक्यावर टोपी, वर आमची प्रयोगशाळेची टोपी. सूक्ष्मदर्शकातून ते बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "हे असंच या डबीत ठेवलं तर मूल होईल?" मी म्हटलं, नाही, काही दिवसांत आपोआप मरेल. "आणि आईच्या रहममध्ये (गर्भाशयात) ठेवलं तर?" कधी होईल, कधी नाही, मी म्हटलं. ते म्हणाले, "म्हणजे सगळा मसअला या 'तर'मध्ये आहे." फिकहचा, म्हणजे धर्मकायद्याच्या शास्त्राचा, इतका नेमका धडा मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

आता आधार बघू. कुराणातल्या सूरह अल-मोमिनूनच्या १२ ते १४ या आयतींमध्ये माणसाच्या घडणीचे टप्पे येतात: नुत्फा (बीजाचा थेंब), मग अलका (चिकटलेला गोळा), मग मुद्गा (मांसाचा छोटा तुकडा), मग हाडं, हाडांवर मांस, आणि शेवटी "मग आम्ही त्याला दुसरीच निर्मिती करून उभं केलं." पैगंबरांचे सोबती अब्दुल्लाह इब्न मसऊद यांनी सांगितलेली हदीस (पैगंबरांचं वचन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. तिच्यात चाळीस-चाळीस दिवसांचे तीन टप्पे सांगितलेत, त्यानंतर फरिश्ता येऊन रूह (आत्मा) फुंकतो. म्हणजे १२० दिवस. सहीह मुस्लिममध्ये दुसरी एक हदीस आहे, तिच्यात फरिश्ता ४२ रात्रींनंतर येऊन रूप घडवतो असं म्हटलंय. त्यामुळे काही विद्वान चाळीस दिवसांची मर्यादा धरतात, बहुतेक १२०ची. दोन्ही हिशेबांनी तुमचे भ्रूण रूह फुंकण्याच्या खूप अलीकडे आहेत. चार महिन्यांच्या आत पडलेल्या गर्भावर जनाज्याची नमाज नसते, हे तुमच्या घरातल्या मोठ्या बायकांना ठाऊकच असेल. त्यामागचा विचारही हाच आहे. म्हणून "पाच लेकरांचा खून" हा शब्द फिकहच्या भाषेत इथे बसत नाही.

पण रूह नाही म्हणजे मन मानेल ते करा, असंही नाही, आणि तुमच्या मिस्टरांनी हे समजून घ्यायला हवं. आपल्या मजहबचे इमाम गजाली 'इह्या' या ग्रंथात लिहितात की नुत्फा रहममध्ये स्थिरावला, स्त्रीच्या पाण्यात मिसळला आणि जीवन स्वीकारायला तयार झाला की तो बिघडवणं हा अपराध आहे. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तो अपराध मोठा होत जातो, आणि रूह फुंकल्यानंतर सर्वांत मोठा. पुरुषाचं आणि स्त्रीचं पाणी एकत्र येणं याची तुलना ते करारातल्या ईजाब-कबूलशी (प्रस्ताव आणि स्वीकार यांच्याशी) करतात. दोन्ही झाल्यावर मागे फिरणं म्हणजे करार मोडणं. बाकीच्या तीन मजहबांपैकी मालिकी बहुतेक चाळीस दिवसांच्या आतही मनाई करतात. हनबलींमध्ये चाळीस दिवसांच्या आत सवलत देणारं मत आहे. हनफींमध्ये काही जण १२० दिवसांपर्यंत मोकळीक देतात, पण इब्न आबिदीनसारखे फकीह (फिकहचे जाणकार) सबळ कारण मागतात. सारांश असा की सुरुवातीपासून थोडी हुरमत (मान राखण्याचं बंधन) आहे, आणि ती टप्प्याटप्प्याने वाढते. जिन्यासारखी.

इथे एक पेच आहे जो जुन्या ग्रंथांत असणं शक्यच नव्हतं. गजालींच्या वाक्यात 'रहम' हा शब्द आहे. तुमचे भ्रूण रहममध्ये नाहीत आणि तुम्ही ठेवल्याशिवाय जाणारही नाहीत. मग नायट्रोजनच्या टाकीतल्या नळीला रहमचा नियम लागू करायचा का? काही उलेमा म्हणतात की ईजाब-कबूल झाला, आता जागा बदलल्याने काय फरक पडतो. दुसरे म्हणतात की जुन्या फकीहांनी स्थिरावण्यावर भर दिलाय, आणि ते तर इथे घडलेलंच नाही. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे. पण पहिलं मत मांडणाऱ्यांना मी कधीही अडाणी म्हणणार नाही. त्यांच्या मागे मोठी परंपरा आहे.

आता सामूहिक निर्णयांकडे येते, कारण एकेका मुफ्तीच्या मतापेक्षा अशा नव्या विषयांत परिषदांचं वजन जास्त असतं. दोन निर्णय नीट समजून घ्या. तुमच्या घरातला वाद या दोघांमधलाच आहे, फक्त घरातल्यांना ते माहीत नाही.

पहिला जेद्दाचा. इस्लामी देशांच्या संघटनेशी जोडलेली आंतरराष्ट्रीय फिकह अकादमी मार्च १९९०मध्ये तिथे बसली आणि उरलेल्या फलित बीजांवर ठराव केला. त्यात म्हटलं की अफलित बीजं साठवणं आता शक्य आहे, म्हणून दर वेळी जेवढी गर्भाशयात सोडायची तेवढीच फलित करा, जास्तीची करूच नका. तरीही काही उरलीच, तर त्यांना वैद्यकीय मदतीशिवाय सोडून द्या, आयुष्य नैसर्गिकपणे संपू द्या. आणि ती दुसऱ्या स्त्रीला देणं हराम. तुमच्या मौलानांचा "नाजायज" बहुधा याच धर्तीवर आला असावा.

दुसरा मक्केचा. राबितातुल आलम अल-इस्लामी या जागतिक मुस्लिम संघटनेच्या फिकह परिषदेचं सतरावं अधिवेशन डिसेंबर २००३मध्ये मक्केत झालं, आणि तिथे स्टेम सेल हाच विषय होता. त्यांनी स्रोतांची वाटणी केली. संमती देणारी प्रौढ व्यक्ती, पालकांच्या परवानगीने मूल, वार आणि नाळेचं रक्त, आपोआप पडलेला किंवा शरीयतला मान्य असलेल्या वैद्यकीय कारणाने काढलेला गर्भ, आणि आयव्हीएफमध्ये उरलेले भ्रूण आईवडिलांनी स्वतः दिले तर, या सगळ्यांतून पेशी घेणं जायज. अट एवढी की त्या भ्रूणांतून अवैध गर्भधारणा होता कामा नये. वैद्यकीय कारणाशिवाय मुद्दाम पाडलेल्या गर्भातून घेणं नाजायज. पेशी मिळवण्यासाठी दात्यांची बीजं आणि शुक्राणू मुद्दाम जुळवून भ्रूण तयार करणं नाजायज. उपचारासाठीचं क्लोनिंगही नाजायज.

मग जेद्दा आणि मक्का एकमेकांच्या विरुद्ध का? मी जसं वाचते तसं सांगते. १९९०मध्ये भ्रूणाच्या स्टेम सेल माणसात कुणी वेगळ्या केल्याच नव्हत्या. ते पहिल्यांदा १९९८मध्ये विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी केलं. जेद्दात बसलेल्यांपुढे भ्रूण द्यायचा तर कशासाठी, याचं ठोस उत्तर नव्हतं. त्यांची मोठी भीती नसबची (वंशाच्या ओळखीची) होती: भ्रूण चुकून किंवा पैशासाठी दुसऱ्या बाईच्या पोटात जाईल आणि मूल कुणाचं हेच कळणार नाही. तेरा वर्षांनी मक्केत बसलेल्यांपुढे पेशी होत्या, आजारांची यादी होती. त्यांनी नसबची भिंत तशीच ठेवली, उलट मजबूत केली, आणि मरणारच असलेल्या भ्रूणापुरतं एक दार उघडलं. दोन्हीकडे भ्रूण शेवटी संपतोच. फरक एवढाच की संपताना त्याचा उपयोग व्हावा की नाही.

इतर ठिकाणचं थोडक्यात. सिंगापूरच्या इस्लामी मजलिसने चौदा दिवसांच्या आतल्या भ्रूणांतल्या पेशी माणसाच्या भल्याच्या संशोधनाला वापरायला हरकत नाही असं मत दिलं, आणि मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने २००५मध्ये उरलेल्या भ्रूणांबाबत परवानगीची भूमिका घेतली. ही दोन्ही शाफई वळणाची ठिकाणं आहेत म्हणून मुद्दाम सांगते. इराणचा रस्ता शिया फिकहचा. तिथे आयतुल्लाह खामेनेईंच्या २००२च्या परवानगीनंतर तेहरानच्या रोयान संस्थेने २००३मध्ये स्वतःची भ्रूणीय सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवता येणारा पेशींचा साठा) तयार केली. इराणमध्ये कायद्याने भ्रूणदानही चालतं, पण आपल्याकडच्या सुन्नी उलेमांना ते मान्य नाही. म्हणून इराणचं उदाहरण देऊन कुणी तुम्हाला "दुसऱ्या जोडप्याला द्या" म्हणालं तर सावध राहा.

आता माझं मत. तुमचे भ्रूण मूल व्हावं या निय्यतने, निकाहातल्या दोघांच्याच बीजांपासून झालेत. संशोधनासाठी कुणी ते बनवले नाहीत. तुम्हाला आणखी मूल नको असेल, तर दुसऱ्या स्त्रीला देता येत नाहीत. म्हणजे त्यांच्यापुढे संपण्यावाचून रस्ता नाही. अशा स्थितीत खऱ्या, नोंदणीकृत संशोधनाला देणं मला मक्केच्या निर्णयाच्या चौकटीत बसणारं वाटतं. मी तुमच्या जागी असते तर दिले असते. पण ज्या आईचं मन तयार नाही तिने जेद्दाच्या ठरावाप्रमाणे ते संपू द्यावेत. त्यातही गुनाह नाही, आणि विज्ञानाचं नुकसान केलं असा ठपकाही तिच्यावर नाही. माझ्या समोर एका जोडप्याने नळी टाकीतून काढून टेबलावर ठेवायला सांगितली आणि वितळेपर्यंत दोघं दुआ पढत उभे राहिले. पाच मिनिटांचं काम, पण आम्ही सगळे बाजूला शांत उभे होतो.

आणि आधी हे ठरवा: खरंच आणखी मूल नको आहे का? मुलगा दोनच वर्षांचा आहे. घाईत कुणी फॉर्म भरू नये. आपल्या २०२१च्या एआरटी (सहायक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याप्रमाणे भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. त्यानंतर ते संपू द्यायचे, नाहीतर जोडप्याच्या संमतीने या कायद्याखाली नोंदलेल्या संशोधन संस्थेला द्यायचे. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे.

विरोधातला एक मजबूत मुद्दा लपवत नाही. शिन्या यामानाका यांनी २००६मध्ये उंदराच्या आणि २००७मध्ये माणसाच्या साध्या पेशींना मागे वळवून भ्रूणासारख्या पेशी बनवल्या, ज्यासाठी त्यांना २०१२मध्ये नोबेल मिळालं. काही मुफ्ती विचारतात, त्वचेच्या पेशीतून हे होत असेल तर भ्रूण संपवायची जरूरत कुठे उरली? "जरूरत निषिद्धाला मुभा देते" हा उसूल घेतला, तर जरूरत संपल्यावर मुभाही संपते. रास्त प्रश्न आहे. प्रयोगशाळेतलं माझं उत्तर असं की या नव्या पेशी किती खऱ्या आहेत हे ताडून बघायला अजूनही भ्रूणातल्या पेशींचाच मापदंड लागतो, आणि पार्किन्सन, डोळ्याच्या पडद्याचे काही आजार, टाइप १ मधुमेह यांवरच्या काही मानवी चाचण्या भ्रूणीय सेल लाइनवरच उभ्या आहेत. शिवाय एक सेल लाइन तयार झाली की ती वर्षानुवर्षं वाढवता येते, दर प्रयोगाला नवा भ्रूण लागत नाही. आपल्या मुंबईच्या परळमधल्या एनआयआरआरएच या प्रजनन-आरोग्य संशोधन संस्थेत बनलेल्या काइंड-१ आणि काइंड-२ या लाइन्स त्याचं जवळचं उदाहरण. म्हणून जरूरत आहे, पण थोडी, आणि पुढे कमी होत जाणारी. तुमच्या नातवंडांच्या काळात मुफ्ती वेगळं उत्तर देऊ शकतील, आणि ते बरोबरही असेल.

आता फॉर्मकडे. हा भाग नीट वाचा, कारण मनस्ताप इथे होतो. बऱ्याच ठिकाणी "संशोधन" या एका चौकटीत प्रशिक्षणही घातलेलं असतं, म्हणजे नवीन भ्रूणतज्ज्ञाचा हात बसावा म्हणून तुमचा भ्रूण वापरणं. ते आवश्यक काम आहे, पण मक्केच्या निर्णयात ज्या हेतूची चर्चा आहे तो हा नव्हे. लेखी विचारा: नेमकी कोणती संस्था, ती नोंदणीकृत आहे का, नैतिकता समितीची मंजुरी आहे का, भ्रूण चौदा दिवसांपुढे वाढवणार नाहीत ना. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या स्टेम सेल मार्गदर्शक तत्त्वांतही ही मर्यादा आहे. पैसे घेऊ नका, कुणी देऊ केले तर उठून या. भ्रूणाची विक्री कायद्याने गुन्हा आहे आणि शरीयतने हराम. दुसऱ्या जोडप्याला देण्याची चौकट आडवी रेघ मारून दोघांनी सही करा. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यातून आलेल्या फाइलमध्ये त्या चौकटीवर कर्मचाऱ्यानेच टिक केलेली मी पाहिली. त्या बाईला काहीच माहीत नव्हतं. मृत्यू किंवा तलाक झाला तर काय, हेही लिहा. बहुतेक सुन्नी उलेमांच्या मते निकाह संपला की तो भ्रूण त्या बाईच्याही पोटात ठेवता येत नाही.

पुढच्या वेळी उपचार घ्यायचे झालेच, तर डॉक्टरांना आधीच सांगा की थोडीच बीजं फलित करा, बाकीची अफलित गोठवा. जेद्दाने १९९०मध्ये हेच सांगितलं होतं, पण तेव्हा गोठवलेली बीजं वितळवल्यावर टिकण्याचं प्रमाण फार कमी होतं. आता झटपट गोठवण्याच्या तंत्राने ते चांगलं जमतं. अफलित बीजाला कुठल्याच मजहबमध्ये भ्रूणाची हुरमत नाही, त्यामुळे हा प्रश्नच उभा राहणार नाही.

तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की दिराच्या पाठीच्या कण्याला मार लागलाय, आणि एक माणूस म्हणतो की भ्रूण दिलेत तर त्यांच्यापासूनच त्याच्यासाठी इंजेक्शन बनवून देऊ. ताई, त्या माणसाला दारात उभं करू नका. आपल्या देशात रक्ताच्या काही आजारांसाठीचं स्टेम सेल प्रत्यारोपण सोडलं तर बाकी जवळजवळ सगळं अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, आणि मंजूर चाचणीच्या बाहेर, पैसे घेऊन ते देता येत नाही. फिकहच्या बाजूनेही हे टिकत नाही: मस्लहत (लोकहित) खरी असावी लागते, कल्पनेतली नव्हे. मक्केच्या परवानगीचा आधार खऱ्या फायद्यावर आहे.

आता मुफ्तीसाहेबांकडे परत जा, पण या वेळी लेखी प्रश्न घेऊन. मी समितीवर असताना लोकांना लिहून द्यायचे तसा मजकूर देते, तुमच्या माहितीप्रमाणे बदला:

"आम्ही निकाहातले नवरा-बायको. आमच्याच बीजांपासून प्रयोगशाळेत झालेले पाच भ्रूण, पाचव्या दिवसाचे, रहमच्या बाहेर गोठवलेले आहेत. ते मूल होण्याच्या हेतूने तयार झाले होते, संशोधनासाठी नव्हे. आम्हाला आणखी मूल नको आहे, आणि ते दुसऱ्या कुणालाही देणार नाही. आता दोनच मार्ग आहेत: ते आपोआप संपू देणं, किंवा मोबदला न घेता नोंदणीकृत संस्थेला आजारांवरच्या संशोधनासाठी देणं, ज्यात ते चौदा दिवसांच्या आत संपतील. मक्केच्या फिकह परिषदेचा २००३चा आणि जेद्दाच्या अकादमीचा १९९०चा, हे दोन्ही निर्णय आमच्या नजरेत आहेत. आमच्या शाफई मजहबप्रमाणे दुसरा मार्ग जायज आहे का, आणि असल्यास कोणत्या अटींवर?"

मिस्टरांना आणि चुलतसासऱ्यांना दोघांनाही सोबत घेऊन जा.